साडेपाच तासांचा घोळ

अगं, किती वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसशील? दासव्याच्या तळ्याकाठी एक चक्कर मारून ये आधी. लवासात राहून घरून काम करतेस, तर तेवढं सुख तरी घे. "माझ्याकडे बरोबर चालतं, मग सर्व्हरवरच का बिघडतं?" असं घोकून बग सापडत नाही. आलीस? बस आता, ऐक.

खरं सांगू का, तुझ्याकडे तो दिसत नाही, हाच मोठा धागा आहे. बघ, फॉर्ममध्ये कुणी १२ मे ही जन्मतारीख निवडली, की तुमचा कोड ती १२ मेची मध्यरात्र धरतो. यूटीसीत तेव्हा ११ मेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सर्व्हर यूटीसीवर असला, की तो त्यातली नुसती तारीख उचलतो आणि माणूस एक दिवस आधी जन्माला येतो! तुझ्या लॅपटॉपवर मात्र ब्राउझर आणि सर्व्हर दोन्ही भारतीय वेळेवर. साडेपाच तास जाताना वजा, येताना जमा. हिशेब जुळतो आणि चूक झाकली जाते.

म्हणून आता कागद घे. ब्राउझर, सर्व्हर, डेटाबेस, प्रत्येकाचा टाइमझोन लिहून काढ. मायएसक्यूएल असेल तर कॉलमचा प्रकारही बघ. टाइमस्टॅम्प सेशनच्या टाइमझोनप्रमाणे बदलून दिसतो, डेटटाइम बदलत नाही. मग लॅपटॉपवरचा सर्व्हर यूटीसीवर चालव आणि ब्राउझर भारतीय वेळेवरच राहू दे. बग समोर आला, की तुझा जीव भांड्यात पडेल.

आणि एक सांगून ठेवते, घाईघाईने साडेपाच तास हाताने मिळवू नकोस गं. बहुतेकांच्या तारखा जुळतील, पण १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची चुकेल. महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं. 'एशिया/कोलकाता' या टाइमझोनच्या नोंदीत तो इतिहास आहे. त्यामुळे आजोबांची मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशी साडेपाचला पडते. त्यात साडेपाच मिळवलेस, तर रात्रीचे अकरा वाजतात, आदल्याच दिवसाचे!

खरा उपाय सोपा आहे बघ. जन्मतारखेला वेळ नसतेच, मग ती चिकटवायची कशाला? वर्ष-महिना-दिवस असा साधा मजकूर पाठव आणि डेटाबेसात निव्वळ तारीख म्हणून ठेव. पैसे भरल्याची वेळ, लॉगिनची वेळ, असे नेमके क्षण मात्र यूटीसीतच ठेव आणि दाखवताना 'एशिया/कोलकाता' वापर. 'आयएसटी' लिहून भागवू नकोस. इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेलाही तेच म्हणतात.

टेस्टमध्ये १९४३ ची एक जन्मतारीख घाल आणि भारतातल्या पहाटे दोनची एक नोंदणी घाल. तेव्हा यूटीसीत आदली तारीख चालू असते, आणि ऑफिसच्या वेळात असला घोटाळा कुणालाच दिसत नाही. दोन्ही टेस्ट दोन्ही टाइमझोनमध्ये चालव.

जुन्या नोंदी सरसकट एक दिवस पुढे ढकलू नकोस हं, त्यात बरोबर असलेल्याही बिघडतील. आधी बॅकअप घे, चुकीच्या वाटेने आलेल्या तेवढ्याच वेगळ्या काढ. टीमलीडला आत्ताच कळव, "कारण सापडलंय, दुरुस्ती टेस्टसकट देते." हे तुला जमणारं काम आहे, अगदी नक्की. आणि जेवून घे आधी, उपाशीपोटी डेटाबेसला हात लावायचा नाही!