परदेशातील नोकरी आणि पैशाची व्यवस्था

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवेतवर आक्रमण केले. त्या वेळी तेथे दीड लाखाहून अधिक भारतीय नोकरी-व्यवसायानिमित्त राहत होते. त्यांत गोमंतकीय कुटुंबेही पुष्कळ होती. पुढील दोन-अडीच महिन्यांत बहुतेकांना जॉर्डनच्या अम्मान शहरातून विमानाने मायदेशी आणण्यात आले. जीव वाचले, परंतु अनेकांची वर्षानुवर्षांची पुंजी मागे राहिली. बँकांचे व्यवहार थांबले. इराकी सत्तेने कुवेती दिनार रद्द केल्याने खिशातील नोटांनाही कोणी विचारीना. ज्यांनी दरमहा घरी रक्कम पाठविली होती, त्यांना काही आधार उरला. ज्यांची सर्व बचत तेथेच होती, ते रिकाम्या हातांनी उतरले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९१ साली नुकसानभरपाई आयोग स्थापन केला व पुढे त्यामार्फत भरपाई मिळाली. मात्र त्यास वर्षे लागली, आणि बँकेचे पुस्तक, वेतनपत्रक असे कागद ज्यांच्याजवळ होते त्यांना आपले नुकसान दाखविणे सोपे गेले.

या घटनेपासून तीन नियम शिकावयाचे आहेत. पैसा आपल्या नावे असावा, तो सर्व एकाच ठिकाणी नसावा, आणि प्रत्येक व्यवहाराचा कागद असावा. आखातात जाणारा सुतार असो, रुग्णालयातील परिचारिका असो वा जहाजावरील तारवटी असो, हे नियम सर्वांस सारखेच लागू आहेत. ते प्रत्यक्षात कसे पाळावेत, याचा विचार या पाठात क्रमाने केला आहे.

१. प्रस्थानापूर्वी

परदेशगमनाचा खर्च भागविण्यासाठी अनेक जण कर्ज काढतात. कर्ज घेण्यापूर्वी व्याजाचा हिशेब मांडावा. साठ हजार रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने घेतल्यास महिन्यास १,८०० रुपये, म्हणजे वर्षास २१,६०० रुपये केवळ व्याजापोटी जातात व मुद्दल तसेच राहते. बँकेत दागिने तारण ठेवून घेतलेले कर्ज बहुधा याहून पुष्कळच स्वस्त पडते. भरती करणारा दलाल सरकारकडे नोंदलेला आहे की नाही हे पाहावे आणि त्यास दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

त्यानंतर बँकेचे काम. विदेशी चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ अन्वये नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती अनिवासी ठरते. तिने आपले गावचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवू नये. ते अनिवासी सामान्य खाते, म्हणजे एन. आर. ओ. खाते, म्हणून बदलून घ्यावे. घरभाडे, शेतीचे उत्पन्न, निवृत्तिवेतन अशा भारतातील जमा रकमा या खात्यात येतात व त्यावरील व्याज करपात्र असते. परदेशातील कमाईसाठी अनिवासी बाह्य खाते, म्हणजे एन. आर. ई. खाते, उघडावे. या खात्यातील मुद्दल व व्याज केव्हाही परदेशी नेता येते आणि खातेदार अनिवासी असेपर्यंत त्या व्याजावर भारतात प्राप्तिकर लागत नाही. दोन्ही खात्यांसाठी लागणारे अर्ज निघण्यापूर्वीच बँकेकडून समजून घ्यावेत.

घरखर्चासाठी पत्नी, पती वा आईवडील यांपैकी एकास बँकेत रीतसर अधिकारपत्र द्यावे, म्हणजे खाते आपल्या नावे राहूनही घरचा व्यवहार अडत नाही. वारस म्हणून नाव नोंदविण्यास विसरू नये. बँकेशी जोडलेला भारतीय दूरध्वनी क्रमांकही बंद पडू देऊ नये, अन्यथा परदेशात संकेतांक न मिळाल्याने स्वतःचेच खाते स्वतःस उघडता येत नाही.

प्रवासात पहिल्या काही दिवसांपुरते विदेशी चलन जवळ असावे. ते अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. पन्नास हजार रुपये वा त्याहून अधिक किमतीचे चलन रोख रुपये देऊन मिळत नाही. ती रक्कम बँकेमार्फत द्यावी लागते. भारतीय नोटा दरडोई पंचवीस हजार रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात.

२. वेतन हाती येताना

संयुक्त अरब अमिरातीत २००९ सालापासून आणि कतारमध्ये २०१५ सालापासून कामगारांचे वेतन नोंदणीकृत मार्गाने खात्यात वा कार्डावर जमा करण्याची पद्धत आहे. वेतन थकल्यास त्याची नोंद सरकारी यंत्रणेत दिसावी, हा तिचा हेतू. परंतु कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक मुकादमाच्या हाती दिला, तर या संरक्षणाचा उपयोग उरत नाही. कार्ड आपणच सांभाळावे. दरमहा जमा झालेली रक्कम करारातील रकमेशी ताडून पाहावी. एक महिना जरी कमी पडली तरी तक्रार करण्यास विलंब लावू नये. त्या देशाचे कामगार खाते आणि भारतीय दूतावास या दोन्ही ठिकाणी दाद मागता येते.

करारात मूळ वेतन किती व भत्ते किती, हेही वाचावे. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे एक वर्ष पुरे करणाऱ्या विदेशी कामगारास नोकरीअखेर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचे मूळ वेतन मिळते. मूळ वेतन १,२०० दिऱ्हाम असल्यास ही रक्कम वर्षास ८४० दिऱ्हाम होते. तेच मूळ वेतन ८०० दाखवून उरलेले भत्त्यांत घातले, तर ती ५६० वर येते. दरमहा हाती तेवढेच पडूनही पाच वर्षांत १,४०० दिऱ्हामांचे नुकसान होते.

तारवटींसाठी सागरी श्रम करार, २००६ हा आधार आहे. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. त्यानुसार खलाशास महिन्याहून अधिक अंतर न पडता वेतन व त्याचा लेखी हिशेब मिळाला पाहिजे, तसेच वेतनाचा भाग थेट घरी पाठविण्याची सोय जहाजमालकाने केली पाहिजे. जहाजावर चढण्यापूर्वीच घरी किती रक्कम जावयाची हे लेखी ठरवावे.

३. घरी पैसे पाठविताना

पाठविण्याचा खरा खर्च दोन ठिकाणी असतो. एक उघड शुल्क आणि दुसरा विनिमयाच्या दरात दडलेला. केवळ हिशेबासाठी पुढील आकडे घेऊ. आपणास १,५०० दिऱ्हाम पाठवावयाचे आहेत. पहिली पेढी १५ दिऱ्हाम शुल्क घेते व दर २२.८० रुपये देते. दुसरी शुल्क घेत नाही, पण दर २२.४० देते. पहिलीकडून घरी ३३,८५८ रुपये पोहोचतात, दुसरीकडून ३३,६००. म्हणजे ‘विनाशुल्क’ सेवा २५८ रुपयांनी महाग पडली. वर्षास हा फरक तीन हजारांवर जातो. म्हणून एकच प्रश्न विचारावा : “माझ्या घरी नक्की किती रुपये पोहोचतील?”

हवालामार्गे अधिक दर मिळतो, असे सांगणारे भेटतात. हा व्यवहार बेकायदेशीर असून रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसे बुडाले तर दाद कोठेच मागता येत नाही, कारण कागदच नसतो.

दुसरा धोका घरातला आहे. गावी जागा घ्यावयाची म्हणून रक्कम नातलगाच्या खात्यात पाठविली जाते, खरेदीखत त्याच्याच नावे होते, आणि पुढे सख्ख्या भावांत वितुष्ट येते. मोठी रक्कम आपल्या एन. आर. ई. खात्यातूनच, आपल्याच नावच्या व्यवहारासाठी द्यावी. अनिवासी भारतीयास राहते घर वा दुकान विकत घेता येते. शेतजमीन, बागायत वा फार्महाऊस मात्र खरेदी करता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. हे ठाऊक नसल्याने विसार दिल्यावर व्यवहार अडतो.

बचतही वाटून ठेवावी. तीन-चार महिन्यांच्या खर्चापुरती रक्कम नोकरीच्या देशात, बाकीची गावी असावी. भारतात बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. त्याहून मोठी पुंजी दोन बँकांत ठेवणे शहाणपणाचे होय.

४. परत येताना

नोकरी संपताच राहिलेले वेतन, रजेचा मोबदला व नोकरीअखेरची रक्कम खात्यात जमा झाल्यावरच विमानतळ गाठावा. ‘मागाहून पाठवू’ या शब्दावर विसंबू नये. येताना पाच हजार डॉलरहून अधिक किमतीच्या विदेशी नोटा, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम जवळ असल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे तसे घोषित करावे लागते. कायमचे परतल्यावर बँकेस कळवून खाती पुन्हा निवासी करून घ्यावीत.

वेतनपत्रके, करार, पाठविलेल्या रकमांच्या पावत्या व खातेउतारे यांची एक प्रत आपल्यापाशी आणि एक घरी ठेवावी. १९९० साली अशाच एका जुन्या वहीने कित्येकांच्या कष्टांची साक्ष दिली.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पन्नास हजार रुपयांच्या कर्जावर दरमहा शेकडा तीन रुपये व्याज असल्यास दोन वर्षांत केवळ व्याजापोटी किती रक्कम जाईल?

२. घरभाडे कोणत्या खात्यात जमा होईल आणि परदेशातील वेतन कोणत्या?

३. मूळ वेतन १,००० दिऱ्हाम असलेल्या कामगारास चार वर्षांच्या नोकरीनंतर किती अखेरची रक्कम मिळेल?

४. आपल्या गावातील परदेशी असलेल्या एका कुटुंबीयाचे कागद घरी कोठे ठेवले आहेत, हे घरच्यांस विचारून पाहा. उत्तर लगेच मिळाले नाही, तर हा पाठ त्यांना वाचून दाखवावा.