वैमानिक व्हायचं होतं, पण…

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक पातळसं पुस्तक असतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यात दडलेला आकडा. ही इशिहारा चाचणी. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. पान उलटतं, आणि मागे उभ्या असलेल्या आईला ८ स्वच्छ दिसत असताना मुलगा ठामपणे सांगतो, "तीन." तिसरीपासून पायलट व्हायचं म्हणणारा, खोलीभर सुखोई विमानांची चित्रं चिकटवणारा मुलगा. लाल-हिरव्यातला फरक ओळखण्यात जन्मजात दोष आहे, औषधाने जाणारा नाही, एवढं डॉक्टर दोन वाक्यांत सांगतात.

माझी तक्रार ही की अनेक घरांत ही तपासणी बारावीनंतर होते. तोवर क्लासची फी भरून झालेली असते, कुणी जमीन गहाण टाकायच्या विचारात असतं. हीच चाचणी आठवी-नववीतही होते, काही मिनिटांत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. त्यामुळे फ्लाइंग स्कूलला पैसे देण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरांकडून आधी क्लास २ आणि मग मान्यताप्राप्त केंद्रात क्लास १ मेडिकल करून घ्या. घरी मोबाइलवर आकडे दाखवून निकाल लावू नका; अधिकृत तपासणीचंच खरं. हवाई दलात तर पायांची लांबी आणि बसल्यावरची उंचीही मोजतात, आणि वैमानिकांची खास निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. हे नियम मुलाला लवकर कळले तर त्याचं स्वप्न मोडतं असं नाही. कशाशी गाठ आहे, ते त्याला कळतं.

तरीही नकार आलाच, तर दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच बाबा म्हणतात, "जाऊ दे, इंजिनिअरिंग कर. त्यात काय एवढं!" त्यामागची माया मला दिसते. पण मुलाच्या हातून आठ-दहा वर्षं निसटलेली असतात आणि त्याला लगेच दुसऱ्या रांगेत उभं केलं जातं. थोडे दिवस त्याला गप्प राहू द्या, रडू द्या. प्रवेशाच्या फेऱ्या अर्थातच थांबणार नाहीत. त्या तारखांवर तुम्ही नजर ठेवा, कागदपत्रं तुम्ही जमवा, जेवणाच्या ताटावर मात्र विषय नको. मूल खाणं-झोप सोडून बसलं, जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

एपीजे अब्दुल कलाम डेहराडूनला हवाई दलाच्या मुलाखतीला गेले होते. जागा आठ, त्यांचा क्रमांक नववा. पुढचं सारं आपण मुलांना हौसेने सांगतो. पण त्या नकारानंतर ते आधी ऋषिकेशला गेले, तिथे स्वामी शिवानंदांना भेटले, हे सांगायचं राहून जातं. दुःखाला त्यांनी वेळ दिला. शिवाय विमानशास्त्राची पदवी त्यांच्या हातात होती, म्हणून दुसरी वाट लगेच धरता आली. दहावीनंतरच्या मुलाला मी म्हणूनच सांगते, एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) प्रवेशपरीक्षेचा अभ्यास जीव तोडून कर, पण बारावीचा पाया आणि पदवीचा विचार सोडू नकोस.

मन थोडं शांत झालं की एकच प्रश्न विचारा: उडण्यात तुला नेमकं काय आवडत होतं? कुणाला यंत्र आवडतं. त्याला एरोनॉटिकल इंजिनिअरिंग आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई बांधली गेली, हे त्याला जाऊन सांगा. कुणाला गणवेश आणि शिस्त हवी असते. लष्कराच्या काही शाखांत रंगदृष्टीची अट हवाई दलाइतकी कडक नसते. कुणाला ढग आणि वारा. त्याने हवामानशास्त्राकडे पाहावं. एक सावधगिरी मात्र हवी. "पायलट नाही तर एअर ट्रॅफिक कंट्रोलर हो" असं पटकन सुचवू नका, कारण तिथेही रंगदृष्टी तपासतात. एका नकारातून उठलेल्या पोराला पुन्हा त्याच दारावर नेऊन आपटू नका.

आणि लग्नकार्यात एखादे काका विचारतीलच, "काय रे, विमान कधी उडवतोस?" ते उत्तर मुलाच्या अंगावर टाकू नका. तुम्हीच पुढे होऊन सांगा, "मेडिकलमध्ये नाही बसलं. आता दुसरं बघतोय तो." आवाज न उतरवता, त्याच्यासमोर.