उदाहरण सोडविण्याची रीत : विहिरीवरील पंपाचा हिशेब

पदार्थविज्ञानाची सूत्रे तोंडपाठ असूनही उदाहरण समोर आले की अनेक विद्यार्थी गोंधळतात. दिलेल्या संख्या आठवेल त्या सूत्रात घालून उत्तर काढण्याची घाई, हे याचे प्रमुख कारण होय. वास्तविक उदाहरण सोडविणे ही पायरीपायरीने पुढे जाण्याची रीत आहे. ती अंगवळणी पडली तर शाळेबाहेरही उपयोगी पडते. शेतकरी कुटुंबातील नेहमीचा एक प्रश्न घेऊन ती पाहू.

एक विहीर १५ मीटर खोल असून तिच्यातील पाण्याची पातळी जमिनीखाली १२ मीटरवर आहे. हे पाणी जमिनीपासून ८ मीटर उंच असलेल्या हौदाच्या तोंडापर्यंत, तासाला १८,००० लिटर या प्रमाणात चढवावयाचे आहे. पंप व नळ यांतील घट वजा जाता मोटारीने दिलेल्या शक्तीपैकी ५० टक्के शक्तीच पाणी चढविण्याच्या कामी येते. तर मोटार किती अश्वशक्तीची हवी?

पहिली पायरी : आकृती

प्रथम विहीर, पाण्याची पातळी व हौद यांची साधी आकृती काढावी. पाणी तळापासून नव्हे, तर पातळीपासून चढते, हे तीत लगेच दिसते. म्हणून उंची १२ + ८ = २० मीटर. विहिरीची खोली या हिशेबात लागत नाही. दिलेली प्रत्येक संख्या वापरलीच पाहिजे असे नाही. आकृती आणखीही एक गोष्ट सुचविते. हवेच्या दाबामुळे पाणी शोषनळीतून सुमारे १० मीटरपेक्षा वर चढत नाही. म्हणून हा पंप जमिनीवर ठेवून चालणार नाही, तो विहिरीत खालीच बसवावा लागेल.

दुसरी पायरी : एकके

शक्ती म्हणजे एका सेकंदात होणारे कार्य. म्हणून तासाचे सेकंद करावेत : १८,००० ÷ ३,६०० = ५ लिटर. एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १ किलोग्रॅम. म्हणजे दर सेकंदास ५ किलोग्रॅम पाणी चढवावयाचे आहे.

तिसरी पायरी : तत्त्व व सूत्र

पाणी वर नेताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य करावे लागते. हे कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची. दर सेकंदाचे वस्तुमान घेतले की शक्ती मिळते : ५ × ९.८ × २० = ९८० वॅट. कार्यक्षमता ५० टक्के असल्याने मोटारीने ९८० ÷ ०.५ = १,९६० वॅट शक्ती दिली पाहिजे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणून उत्तर सुमारे २.६ अश्वशक्ती. व्यवहारात ३ अश्वशक्तीची मोटार घ्यावी.

चौथी पायरी : पडताळा

हीच पायरी बहुधा गाळली जाते. तासाचे सेकंद करण्याचे राहिले असते तर उत्तर ९,४५८ अश्वशक्ती आले असते. एवढी मोटार कोणत्याही विहिरीवर नसते, हे शेतकऱ्याचा मुलगा तत्काळ ओळखील. मात्र उत्तराकडे पुन्हा पाहण्याची सवय हवी. कार्यक्षमतेने भागण्याऐवजी गुणले तर ४९० वॅट येतात. परंतु पाण्याला ९८० वॅट मिळावयाचे असताना मोटारीने त्याहून कमी देणे शक्यच नाही.

उन्हाळ्यात पातळी १४ मीटरवर गेली, तर उंची २२ मीटर होईल. तेवढेच पाणी चढविण्यास सुमारे २.९ अश्वशक्ती लागेल. म्हणजे ३ अश्वशक्तीची मोटार तेव्हाही पुरेल. केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून ५ अश्वशक्तीची मोटार घेण्याचे कारण उरत नाही, आणि जादा खर्च वाचतो.

आकृती, एकके, तत्त्व आणि पडताळा हा क्रम वहीच्या प्रत्येक उदाहरणात पाळला, तर सूत्रांचे भय हळूहळू ओसरते. शिवाय घरी मोटार घेण्याची वेळ येईल तेव्हा वडीलधाऱ्यांना नेमका सल्ला देणारे कोणीतरी घरातच असेल.