हायवे चारोटीला सोडा

मुंबईहून अहमदाबाद हायवेला लागलेला बाइकवाला सहसा दमणच्या अलीकडे उतरत नाही. डहाणू आणि तलासरी त्याच्या लेखी वाटेतल्या दोन पाट्या. माझा सल्ला उलटा: हायवे फक्त चारोटी नाक्यापर्यंत वापरा. बोरिवलीपासून नव्वद-शंभर किलोमीटर होतात. पहाटे पाचला निघा, नंतर कंटेनरच्या रांगांत दुचाकीचे हाल होतात. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर वेग उतरवा. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला तो हाच पूल.

चारोटीहून डावीकडे गंजाड-आशागडमार्गे डहाणू पंचवीसेक किलोमीटर आहे, पण तास धरा. पाड्यांजवळचे गतिरोधक रंगवलेले असतीलच असं नाही, आणि वळणावर शेळ्या किंवा गवताने फुगलेला टेम्पो कधीही समोर येतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. भिंतीवर चित्र दिसलं म्हणून कुणाच्या अंगणात गाडी घालू नका. आधी विचारा, मग फोटो. चित्र घ्यायचंच तर काढणाऱ्याकडून घ्या, आणि घासाघीस करू नका.

डहाणूत पेट्रोल भरा, टायरमधली हवा बघा. आता नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरचा हा किनारी रस्ता, पण सगळी सहल याच्यासाठीच. एका अंगाला सुरूच्या झाडांमधून समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, म्हणून इथे कारखान्यांची दाटी झाली नाही. वाढवण बंदराचं भूमिपूजन मात्र २०२४ मध्ये झालंय, तेव्हा जायचं तर लवकर जा. ओहोटीला पाणी फार लांब जातं आणि वाळू डांबरासारखी कडक दिसते. तरी बाइक खाली नेऊ नका. खाली गाळ असतो, भरती वाट बघत नाही, आणि खारं पाणी चेन खातं.

इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिकलेला चिकू तिथेच खा, घरी न्यायला कडकच घ्या. मी एकदा दोन किलो मऊ चिकू सॅडलबॅगेत भरले होते. घरी पोचला तो लगदा, आणि रेनकोटला महिनाभर वास.

मुक्काम बोर्डीला. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत बारडाच्या डोंगरावर बहरोटच्या गुंफा करा. वाट अस्वाली धरणाच्या बाजूने, रानातली. गावातला वाटाड्या घ्या आणि चढायला दीड-दोन तास धरा. गुजरातेतलं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी इथे बारा वर्षं लपवून ठेवला, असं त्यांची परंपरा सांगते. तो आज उदवाड्याला आहे. गुंफेपाशी बूट काढा, आवाज खाली ठेवा. झाईपर्यंत जाऊन मासेमारीच्या होड्या बघायला हरकत नाही, पण पुढे गुजरात, म्हणजे दारूबंदी. बॅगेत बाटली नको.

डोंगर उतरल्यावर कोसबाडच्या टेकडीकडे वळा. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी या भागात करून दाखवलं. मग तलासरीकडे. याच तालुक्यातल्या झरीला मे १९४५ मध्ये, किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने, वारल्यांनी वेठबिगारी झुगारायचं ठरवलं. परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक निघण्याआधी वाचलंत तर या रस्त्यावर ॲक्सिलरेटर आपोआप सैल होईल.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा असते, तेव्हा चारोटीच्या आसपास गर्दी धरूनच चला. पंक्चर किट बरोबर हवंच, आतल्या रस्त्यांवर दुकानाचा भरवसा नाही.

तलासरीहून दुपारी तीनपर्यंत परतीला लागा. रविवारी संध्याकाळी घोडबंदरच्या फाट्यावर गाड्या तुंबतात.