साठीनंतर वजनकाट्यापेक्षा टेप बरी

निवृत्तीनंतरच्या कट्ट्यावर साखर, बीपी आणि गुडघे यांवर तासन्‌तास गप्पा होतात. पोटाचा विषय निघाला की मात्र ‘या वयात एवढं चालायचंच’ म्हणून सगळे हसतात. माझ्या रक्तात सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन, वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं. तेव्हापासून जे कळत गेलं, ते असं.

१. पोटातली चरबी गप्प बसत नाही. आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीच्या पेशी फुगल्या की तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात. इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी तयार करतं. ना ताप, ना ठणका. पण वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की रक्तवाहिन्या खराब होतात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो.

२. वयही त्यात तेल ओततं. म्हातारपणाबरोबर वाढणाऱ्या या मंद दाहाला इटलीच्या क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली ‘इन्फ्लमेजिंग’ असं नाव दिलं. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वयानुसार घटतं, पोट सुटलं की आणखी घटतं, आणि ते घटलं की पोट सुटायला मोकळं रान मिळतं.

३. ‘माझं वजन बरोबर आहे’ यावर विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असे आमच्या कट्ट्यावर निम्मे तरी निघतील.

४. कमर मोजावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप लावायची. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. पँटचा नंबर धरू नका. पँट आपण पोटाखाली घालतो.

५. सीआरपीचा आकडा एकट्याने वाचू नये. हृदयाच्या जोखमीसाठी केलेल्या हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणीत लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. पण साधी सर्दी, सुजलेल्या हिरड्या किंवा संधिवातानेही तो चढतो. १० च्या वर गेला तर डॉक्टर आधी जंतुसंसर्ग किंवा दुसरा आजार शोधतात. बरं वाटल्यावर, दोनेक आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी.

६. थोडं उतरलं तरी पुष्कळ. जादा वजन असलेल्याने पाच ते दहा टक्के कमी केलं, तरी सीआरपी बहुधा खाली येतं. माझ्या काट्यावर फारसा फरक दिसायच्या आधीच पट्टा एक भोक आत गेला होता.

७. स्नायू गमावून बारीक होऊ नये. या वयात कडक उपास केले की चरबीबरोबर मांड्या-दंडही वितळतात आणि मग पडण्याची भीती. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही किंवा अंडी-मासे असू द्यावेत. चालण्याला खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याची जोड द्यावी. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारावं.

८. वजन आपोआप उतरलं तर खूश होऊ नका. काही न करता कपडे ढगळ होऊ लागले, तर त्यामागे मधुमेह, क्षय, कर्करोग असं काहीही असू शकतं. अशा वेळी कट्ट्यावरचे सल्ले पुरे करा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.