दुर्बीण आत जाण्याआधी

पाळी कायमची थांबून बराच काळ लोटला होता, आणि अचानक कपड्यावर लाल डाग दिसला. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड निघालं, म्हणून डॉक्टरांनी हिस्टेरोस्कोपी, म्हणजे गर्भपिशवीत दुर्बीण घालून करायची तपासणी, सांगितली. ‘पाच मिनिटांचं काम, भूलही लागत नाही.’

ही तपासणी व्हायलाच हवी होती. पाळी गेल्यानंतर एक डाग दिसला तरी तो अंगावर काढू नये. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते. माझा राग तपासणीवर नाही. दुखू शकतं, हे कुणी सांगितलं नाही, त्यावर आहे.

दुर्बीण जेमतेम ३-४ मिलिमीटर जाडीची असते, पोटावर चिरा नाही की टाका नाही. पण गर्भपिशवी एरवी मिटलेली असते. आतलं दिसावं म्हणून सलाईन सोडून ती फुगवतात, आणि तेव्हा ओटीपोटात कळ येते. पाळी गेलेल्या बाईचं गर्भपिशवीचं तोंड आकसलेलं असतं. जिची बाळंतपणं खालून झालेली नाहीत, तिला त्रास जास्त होण्याची शक्यता असते. माझी दोन्ही सिझेरियन. पण तसं मला कुणी विचारलंच नाही. कळ अशी आली की घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. ‘थांबा’ म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या, ‘झालंच ताई, जरा सोसा.’ शेवटी तपासणी अर्धवटच राहिली.

कित्येक बायकांना खरोखरच फारसं दुखत नाही, त्यामुळे घाबरून टाळू नका. मात्र कुणाला किती दुखेल हे आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून टेबलावर झोपण्याआधीच बोलून घ्या. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेता येते (दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर तो सांगूनच). जागा बधिर करणारं इंजेक्शन असतं, गुंगी देता येते, पूर्ण भूलही देता येते. भुलीसाठी उपाशीपोटी जावं लागतं, खर्च वाढतो, सोबत माणूस लागतं. तरीही तो पर्याय मागणं म्हणजे नाजूकपणा नव्हे. मी थांबा म्हटलं तर थांबाल ना, हेही स्पष्ट विचारा.

पाळी येत असेल तर तपासणीसाठी ती संपल्यावर लगेचचे दिवस बरे, आणि दिवस गेलेले नाहीत याची खात्री आधी करावी लागते.

संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. नुसतं बघणार, की पॉलिप (अस्तराची वाढ) दिसला तर तिथेच काढणार, हे विचारा. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं, की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती ठरत नाही. जीव वाचवण्याची निकड असेल तर गोष्ट वेगळी. त्या खटल्यात भुलीत असलेल्या सज्ञान मुलीच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. तीही ग्राह्य धरली गेली नाही.

अस्तराचा तुकडा काढणार असतील, तर तो कशासाठी पाठवताय, हेही विचारा. मूल राहत नाही म्हणून तपासणी असेल आणि क्षयाची शंका असेल, तर सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकून चालत नाही. त्यात जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही. थोडा भाग साध्या सलाईनमध्ये वेगळा ठेवावा लागतो.

घरी आल्यावर थोडे दिवस डाग आणि हलकी कळ चालते. ताप, घाण वासाचा स्राव, वाढत जाणारं दुखणं किंवा खूप रक्त जात असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. क्वचित गर्भपिशवीला छिद्र पडतं किंवा जंतुसंसर्ग होतो.

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे भूल घेऊन तपासणी पूर्ण करून घेतली. पॉलिप निघाला, साधा. त्याआधीच ‘पिशवीच काढून टाका, कटकट नको’ असं सांगणारे नात्यात भेटले होते, दवाखान्यातही. तुकड्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत त्याला होकार देऊ नका. तो रिपोर्ट दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि मूळ कागद स्वतःच्या फाइलला लावून ठेवा.