मुलाच्या हाताला काम द्या

नाताळ जवळ आला की आपण सगळेच कपाटं आवरायला काढतो. तोकडा झालेला फ्रॉक, बटण तुटलेला शर्ट, चाक निखळलेली गाडी एका पिशवीत भरतो आणि मुलांना सांगतो, "हे आश्रमात द्यायचंय हं." हेतू चांगलाच असतो. पण मूल पिशवीत डोकावतं आणि मनाशी ठरवून टाकतं, की आपल्याला नको असतं ते देवाच्या नावानं द्यायचं.

ते बटण लावायला दहा मिनिटं लागतात. लोकल, ऑफिस, ट्यूशन आणि रात्रीची प्रार्थना यांत तीही सापडत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी लावूया, आणि दोरा मुलाला धरायला देऊया.

आपला जीव अडकलेला असतो पाठांतरात. दहा आज्ञा आल्या का, पहिल्या कम्युनियनच्या आधी सगळ्या प्रार्थना बिनचूक होतील का? त्या यायलाच हव्यात. पण शेजाऱ्यावर प्रेम करण्याचं वळण हातालाही लागावं लागतं.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम नावाच्या विद्यार्थ्याला बरोबरीच्या मुलांनी विचारलं, तुमचा धर्म आज इथल्या गरिबांसाठी काय करतो? आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्यानं हजारो माणसं गेली होती. विशीतला हा मुलगा वाद घालत बसला नाही. त्यानं आणि त्याच्या एका मित्रानं आपल्या खोलीतलं जळण उचलून एका विधवेच्या घरी पोचवलं, असं सांगतात. सिस्टर रोझाली रोंदू यांनी या मुलांना गरिबांच्या घरी जायला, त्यांच्याजवळ बसायला शिकवलं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली ती अशी. तिची माणसं आजही घरोघर भेटी देतात.

घरी जाणं मुलांना मात्र अवघड वाटतं. आमच्या वाडीत एक आजी एकट्या राहतात. पहिल्यांदा धाकट्याला नेलं, तर तो उंबऱ्यातच थांबला. बामचा वास, अंधारी खोली, खोकला. मुलं अशी बिचकली की आपल्याला वाटतं, आपलं मूल निष्ठुर तर नाही ना? तसं नसतं हो. आपण इथे करायचं काय, हे त्याला कळत नसतं.

आजींनाच सुचलं. त्यांना गोधडी शिवायची होती, पण डोळे साथ देत नव्हते. त्यांनी सुयांची डबी त्याच्यापुढे सरकवली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून, एक डोळा मिटून त्यानं एकेक सुई ओवली आणि ओळीनं उशीच्या अभ्र्याला टोचून ठेवली. मोठ्यांना न जमणारं काम आपल्याला जमतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

म्हणून वाटतं, मुलाला नुसतं सोबत नेऊ नये, त्याच्यापुरतं एखादं काम असावं. पेपर वाचून दाखवणं, गोळ्यांचं पाकीट फोडून देणं, काहीही. आणि परतताना "बघ, तुला किती मिळालंय" हे वाक्य गिळून टाकावं. ज्यांच्या घरचा चहा पिऊन आलो, त्यांचा धडा कशाला करायचा?

तो वाटेत विचारेल, "त्यांचा मुलगा का येत नाही?" घाईनं उत्तर देऊ नका. माहीत नसेल तर तसं सांगा, आणि पुढच्या रविवारी मिसानंतर परत जायचं का, ते त्यालाच विचारा.